आवाजाची दुसरी प्रत

गुरुवारी संध्याकाळीही बॅकअप अर्ध्यातच मेला.

पडद्यावरची हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढं सरकली, थबकली, आणि मग रोजचीच चौकट वर आली: प्रत मूळ फाइलींशी जुळत नाही. संघप्रियानं तिच्यावरचं बटण दाबलं नाही. नुसतीच बघत बसली. स्वयंपाकघरातून आईनं, शेवंताबाईंनी, भाकरी थापता थापता हाळी दिली, झालं का गं काम म्हणून. होतंय, असं तिनं सांगितलं. पलीकडच्या खोलीत तिचे वडील, आबा, कॉटवर पडले होते आणि त्यांच्या कानावर खरं जाऊ नये म्हणून तिनं आपला आवाज शक्य तितका सहज ठेवला होता.

सोमवारी मिरजेला आबांचं ऑपरेशन होतं. घशातलं स्वरयंत्र पुरं काढून टाकायचं होतं. त्यानंतर त्यांचा आवाज उरला तर या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्येच उरणार होता, आणि हा कॉम्प्युटर त्या आवाजाची दुसरी प्रत काही करू देत नव्हता.

आबांनी, म्हणजे बाबासो कुरण्यांनी, उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली, पण पन्हाळ्यापासून वारणेपर्यंत त्यांना कंडक्टर म्हणून ओळखणारी माणसं थोडी. लोकांना ठाऊक होते ते कुस्तीच्या मैदानात लाउडस्पीकरवरून बोलणारे बाबासो. जोड मैदानात उतरली की पैलवानाच्या गावाचं, वस्तादाचं नाव ते अशा काही ठेक्यात घेत, की ज्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही त्याचीही मान ताठ व्हायची. पुढं कुणी पाय कुठं टाकला, पट कसा काढला, कुणाचा दम उखडला, हे सगळं ते कुस्तीच्या बरोबरीनं सांगत जात. गर्दीच्या पार मागं, बैलगाडीच्या दांडीवर उभ्या असलेल्या माणसालाही आतली पकड दिसायची.

दिवाळीपासून आवाज बसला. मैदानाचं ओरडणं, दुसरं काय, असं म्हणून गरम पाणी झालं, हळद झाली, ज्येष्ठमध झालं. तपासलं तेव्हा मार्च उजाडला होता आणि गाठ चांगलीच वाढली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मानेला पुढून भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा. आबांनी एवढंच विचारलं, दुसरा काही मार्ग आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

रेकॉर्डिंगची कल्पना संघप्रियाची. ती वारणानगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, रोज कोल्हापूरहून एसटीनं जाऊन येऊन. आबांच्या आवाजाच्या कॅसेटी शोधल्या तर निघाल्या दोनच, आणि त्यांतही हलगी आणि गर्दीच जास्त. आबा तयार होईनात.

"चांगला हुता तवा कुणी ठेवला न्हाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता फाटल्यावर कशाला ठेवतीस?"

शेवटी शेवंताबाईच मधे पडल्या. उद्या हिला लेकरं होतील, त्यांनी तुम्हाला कुठं ऐकायचं, असं त्यांनी सरळ विचारलं. आबा तयार झाले.

मग रोज सकाळी, संघप्रियाच्या बसच्या आधी, रेकॉर्डिंग सुरू झालं. आबांचा घसा तेवढा वेळच काय तो उघडा असायचा. माइक टेबलावर ठेवा म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत, मैदानात धरायचे तसा हातातच धरायचे, डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचे. जुन्या कुस्त्या सांगितल्या. शेवंताबाईंना बघायला गेले होते तेव्हा पावसात ओढा कसा ओलांडला, ते सांगितलं. छप्पन साली धर्मांतर झाल्यावर वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी घरातले देव नदीला कसे नेऊन सोडले आणि परत येताना वाटेत कुणीच कसं बोललं नाही, तेही सांगितलं. त्या वेळी ते शाळेत होते. संघप्रिया कानाला हेडफोन लावून बसायची. फाटलेला असला तरी आवाज त्यांचाच होता.

पहिल्या आठवड्याचं सगळं तिनं एका सीडीवर उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी सहज लावून बघितलं, तर सीडी उघडेना. दुसरी केली, तिच्यातल्या काही फाइली उघडल्या आणि काहींत आबांचं बोलणं मधेच तुटून नुसती खरखर. सीडी खराब असतील म्हणून चांगल्यातल्या आणल्या. तेच. मग कॉलेजातून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम बसवला. हा प्रोग्रॅम एक बरं करायचा, प्रत झाली की मुळाशी ताडून बघायचा. आणि ताडताना रोज तीच चौकट. कधी चौकटीचीही वाट न बघता पडदा निळा व्हायचा आणि मशीन आपलं आपण थांबून पुन्हा सुरू व्हायचं.

तिचा पहिला संशय विजेवर गेला. त्यांचं घर शाहूपुरीच्या मागल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर. खालची मोटर सुरू झाली की यांचा दिवा डोळा मिचकावायचा. तेव्हा त्या गुरुवारी, आईची भाकरी व्हायच्या आधीच, ती खाली उतरली आणि गिरणीवाल्या सयाजीमामांना तासभर गिरणी बंद ठेवाल का म्हणून विचारलं. मामांनी पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. संध्याकाळची वेळ, दारात डब्यांची रांग, आणि ही गिरणी बंद ठेवा म्हणतेय. लोकांची दळणं काय तुझा कॉम्प्युटर दळणार हाय काय, असं ते म्हणाले. तिनं कारण सांगितलं. मामांनी खटका खाली ओढला, पट्टा फिरायचा थांबला, आणि डबेवाल्यांना त्यांनी थोड्या वेळानं या म्हणून सांगितलं.

ती वर आली, बॅकअप लावला, आणि गिरणी गप्प असतानाही तो मेला. म्हणजे वीज नव्हे.

थोड्या वेळानं मामा जिन्याखालून विचारू लागले, झालं का. त्या माणसानं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं. झालं मामा, लावा गिरणी, असं ती म्हणाली. खाली पट्टा पुन्हा फिरू लागला.

शुक्रवारी कॉलेजातून आल्यावर तिनं अनेकांतला बोलावलं. अनेकांत मगदूम तिच्याबरोबर विद्यापीठात होता. आता शाहूपुरीतच त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि अर्ध्या गावाची मशीनं त्याच्या हाताखालून गेलेली. आल्या आल्या तो काही न विचारता गुडघ्यावर बसला आणि त्यानं मशीनच्या डब्याला कान लावला. मग तिलाही लावायला सांगितला. आत काहीतरी बारीक टिकटिकत होतं. एकसारखं नव्हे, मधूनच.

"डिस्क चाललीय," तो उठत म्हणाला. "आता हिला हात लावू नकोस. प्रत्येक बॅकअपला तू हिला पहिल्यापासून शेवटपर्यंत पळवतेस. अशी पळवलीस तर एक दिवस जाग्यावर बसेल."

मग काय करायचं, तर त्याचं म्हणणं असं: पुण्यात अशा डिस्कमधून माल बाहेर काढणारी माणसं आहेत. त्यांच्याकडं पाठवायची. काही आठवडे लागतील, खात्री कुणीच देणार नाही. तोवर नवीन रेकॉर्डिंग करायचं नाही. आणि पाठवेपर्यंत मशीन बंदही करायचं नाही, कारण अशी डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही. दुपारच्या भारनियमनात मशीन बंद पडू नये म्हणून तो दुकानातला मोठा इन्व्हर्टर रिक्षात घालून घेऊन आला, जोडून दिला आणि घाम पुसत बसला.

संघप्रियाला त्याचं पटत होतं आणि पटत नव्हतं. डिस्क जात असेल तर फाइली वाचताना अडतील. या अडत नव्हत्या, बिघडत होत्या. तिनं तसं म्हणून पाहिलं. अनेकांतचा आवाज चढला. तो म्हणाला, तुला शिकवायची सवय आहे, मला मेलेल्या डिस्का बघायची. तुझ्या बापाचा आवाज आहे, प्रयोग करायची ही वेळ नव्हे. तेवढ्यात शेवंताबाई चहा घेऊन दारात आल्या. चहा पिऊन तो निघून गेला. जाताना जिन्यातून त्यानं पुन्हा एकदा बजावलं, बंद करू नकोस.

शनिवारी सकाळी आबा नेहमीप्रमाणे उठून आले आणि स्टुलावर बसून त्यांनी माइकसाठी हात पुढं केला.

तिनं नको म्हणायला हवं होतं. पण त्यांचा आवाज दिवसागणिक कमी होत चालला होता. आदल्या दिवशीचा शब्द आज निघत नव्हता. ही धरून दोनच सकाळी उरल्या होत्या. तिनं माइक दिला.

आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा माइक हातात आला तो प्रसंग सांगितला. वारणाकाठच्या एका गावची जत्रा, मैदान भरलेलं आणि बोलणारा माणूस आलाच नाही. त्याची गाडी वाटेत बंद पडलेली. मग कुणीतरी म्हणालं, त्या कुरण्याच्या पोराला बोलवा, त्याचा गळा चांगला आहे. आणि मग ते कसे बोलले, लोकांनी फेटे कसे उडवले. आवाज चिरकत होता, पण मैदानाच्या आठवणीनं त्यांच्या पाठीला पीळ आला होता. शेवटच्या कुस्तीचं वर्णन करताना त्यांनी डावा हातसुद्धा वर केला.

बोलणं संपलं. संघप्रियानं जतन करायचं बटण दाबलं आणि पडदा निळा झाला.

मशीन पुन्हा सुरू झालं, डिस्क फिरतीच होती, आधीच्या फाइली जागेवर होत्या. आजची नव्हती. ती जतन व्हायच्या आतच गेली होती. आबांनी माइक परत दिला आणि झकास झालं का, असं भुवयांनीच विचारलं. तिनं मान हलवली. ते पाणी प्याले आणि भिंतीला धरत खोलीत गेले.

संघप्रिया चपला घालून निघाली तेव्हा शेवंताबाई तिच्यामागं जिन्यापर्यंत आल्या. "गेलं न्हवं?" त्या हळूच म्हणाल्या. आईनं तिच्या पिशवीत डबा सरकवला आणि दार ओढून घेतलं.

कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती, रजा मिळणं शक्य नव्हतं. मुलं मशीनांपुढं बसली होती आणि ती रांगांतून फिरत होती, पण मनात सारखी ती टिकटिक. पुण्याला पाठवायची तर सोमवारच्या आत पाठवणं होणार नाही. आणि आबांना आता काय सांगायचं?

परतीच्या बसला ही गर्दी. कोडोलीला थांबल्यावर कंडक्टर माणसं मोजू लागला. तिकिटांशी मेळ बसेना म्हणून त्यानं पुढून मागं पुन्हा मोजली. आकडा वेगळाच आला. तिसऱ्यांदा मागून पुढं मोजली, तर आणखी वेगळा. बस हसायला लागली. तोही वैतागून हसला आणि एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजायला लागला. दार बंद होतं. कुणी चढलं नव्हतं, कुणी उतरलं नव्हतं.

संघप्रिया खिडकीपाशी ताठ बसली. तिनं आजवर प्रत मुळाशी ताडून पाहिली होती. दोन प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या नव्हत्या. डिस्कवरची जागा खराब असेल तर चूक दर वेळी त्याच जागी यायला हवी. चूक जागा बदलत असेल, तर डिस्कवरची माणसं तेवढीच आहेत आणि मोजणारा चुकतोय. मशीनमधला मोजणारा म्हणजे रॅम. डिस्कवरून उचललेलं सगळं पुढं जायच्या आधी घटकाभर तिथं थांबतं. आणि रॅमची दुसरी पट्टी तिनं स्वतः बसवली होती, याच महिन्यात, रेकॉर्डिंगला मशीन कमी पडू नये म्हणून. कॉम्प्युटरच्या प्रदर्शनातून आणलेली. तिनं ती आनंदानं दाबून बसवली होती आणि नंतर तिची आठवणसुद्धा काढली नव्हती.

कोल्हापूर येईपर्यंत तिला दम निघेना. घरी आली ती पिशवी खांद्यालाच ठेवून टेबलाशी बसली. सगळ्या डिस्कला पळवायचं नव्हतं, म्हणून एकच फाइल घेतली, तीही कॉलेजची, आबांची नव्हे. तिच्या दोन प्रती केल्या आणि एकमेकींशी ताडल्या. जुळल्या नाहीत. तिसरी केली. ती पहिलीशीही जुळेना, दुसरीशीही. चुका थोड्याच होत्या, पण दर वेळी नव्या जागी.

तिनं अनेकांतला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, तुझं खरं असेल. पण टिकटिक मीही ऐकलीय. पट्टी काढायची तर मशीन बंद करावं लागेल, आणि डिस्क परत फिरली नाही तर?

तेच तर होतं. पट्टी तशीच ठेवली तर एकही प्रत धड होणार नव्हती. काढायला गेलं तर मूळही जाऊ शकत होतं. आणि आज गेलेलं रेकॉर्डिंग तर गेलंच होतं.

मी येतो, असं अनेकांत म्हणाला. पण ती थांबली नाही. थांबली असती तर तिला बंद करणं जमलं नसतं. तिनं मशीन बंद केलं. पंखा हळूहळू थांबला. कालपासून घरात जो घूं आवाज भरून होता तो गेला, आणि खालच्या गिरणीचा पट्टा एकदम मोठ्यानं ऐकू आला. आबा उठून दारात आले होते. कॉम्प्युटर बंद बघून ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. तिनं डब्याची बाजू उघडली, लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली, दोन्हीकडच्या खुंट्या दाबल्या आणि पट्टी वर ओढून काढली. बोटभर रुंद, हिरवी, दिसायला अगदी धड.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आत टिक झालं. मग काही नाही. पुन्हा टिक. शेवंताबाई हातात पदर घट्ट धरून आबांच्या मागं उभ्या होत्या. संघप्रियानं डब्यावर तळहात ठेवला होता आणि त्या तळहाताला, ऐकू यायच्या आधी, डिस्क फिरायला लागल्याचं कळलं.

अनेकांत धापा टाकत जिना चढून आला तेव्हा बॅकअपची हिरवी पट्टी शेवटाला पोचत होती. ताडून बघायचं काम सुरू झालं. या वेळी चौकट वर आली तीत शब्द वेगळे होते: सर्व फाइली जुळल्या. अनेकांतनं ते वाचलं आणि लगेच म्हणाला, आणखी एक प्रत कर, आत्ताच्या आत्ता, ही डिस्क मला अजूनही बरी वाटत नाही. तिनं आणखी दोन केल्या. त्याचंही चुकलं नव्हतं. पुढं मे महिन्यात ती डिस्क खरोखरच जाग्यावर बसली आणि पुन्हा फिरली नाही.

पण शनिवारची ती गोष्ट कुठंच नव्हती. रात्रीची जेवणं झाल्यावर संघप्रिया आबांच्या कॉटच्या कडेला बसली आणि तिनं सांगून टाकलं. सकाळचं गेलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितली होती, म्हणून आबांनी बोलायचं टाळलं आणि नुसतं बोट वर केलं. उद्या.

रविवारी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीची टोपी घालून आले. दुपारच्या गाडीनं मिरजेला निघायचं होतं, पिशव्या दाराशी भरून ठेवल्या होत्या. संघप्रियानं या वेळी ठरवलं होतं की थोडं थोडं बोलणं झालं की जतन करायचं. आबांनी माइक हातात घेतला, पण डोळे मिटले नाहीत. तिच्याकडं बघत बोलले. आवाज म्हणण्यासारखं फार उरलं नव्हतं. कुजबुजीच्या थोडंसं वर. एकेका वाक्याला ते थांबत होते.

"काल जे बोललो ते मैदानासाठी बोललो," ते म्हणाले. "आज तुला सांगतो."

गाडी बंद पडली ते खरं होतं. कुरण्याच्या पोराला बोलवा म्हणाले तेही खरं. पण ते गेले तेव्हा पंचांनी त्यांना व्यासपीठावर चढू दिलं नव्हतं. कोण कुठल्या वस्तीतला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माइकची वायर वरून खाली सोडली आणि सांगितलं, तिथनंच बोल. ते खाली, हलगीवाल्यांच्या घोळक्यात उभे राहिले. पुढं माणसांची भिंत. मैदानातलं काही दिसेना.

"मग म्हटलं, ऐकून बोलायचं," आबा म्हणाले. "पाय मातीत कसा पडतोय, ते ऐकायचं. कुणाचा दम लागलाय, ते ऐकायचं. लोकं कुठल्या बाजूला ओरडत्यात, त्यावरनं कोण वर हाय ते वळखायचं. दिसत न्हवतं, तरी बोललो. दिवसभर बोललो. लोक म्हंत्यात न्हवं, बाबासोचं बोलणं आंधळ्यालाबी दिसतं. ते कुठनं आलं, कुणी इचारलं न्हाय."

संघप्रियानं जतन केलं. फाइल जागेवर आली. तिनं मान हलवून त्यांना पुढं बोलायला सांगितलं.

पुढच्या वर्षी त्याच पंचांनी त्यांना वर बोलावलं. खुर्ची दिली, नारळ दिला. ते गेले. "पर त्या दिवशी माझं बोलणं बरं झालं न्हाय," ते म्हणाले, आणि थोडं हसले. हसण्यानं खोकला आला. शेवंताबाईंनी पाणी दिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनीही हे आजच ऐकलं. भांडं परत घेऊन त्या तिथंच जमिनीवर बसल्या.

आबांना अजून सांगायचं होतं, पण शब्द निघेनात. तोंड हलत होतं. शेवटी त्यांनी माइक संघप्रियाच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्याभोवती मिटून घेतली. तिनं जतन केलं, प्रत केली, ताडली. जुळली. मग दुसरी, मग तिसरी. एक अनेकांतच्या घरी ठेवायला दिली, एक गगनबावड्याच्या मावशीकडं पाठवायला काढून ठेवली, आणि एक पिशवीत घालून ती त्यांच्याबरोबर मिरजेला गेली. ऑपरेशन चाललं होतं तेवढा सगळा वेळ पिशवी तिच्या मांडीवर होती.

ऑपरेशन नीट झालं. आबा वाचले. पहिले काही महिने वाईट गेले. मानेवरचं भोक रुमालानं झाकून ते खिडकीत बसायचे, कुणी आलं की आत जायचे. लावू का म्हणून विचारलं की ते रेकॉर्डिंगला नको म्हणून हात हलवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही माणसं हवा गिळून, ती ढेकरेसारखी परत आणून, तिच्यावर बोलायला शिकतात. आबा शिकवणीला जायचे, आणि घरी आल्यावर मोरीचं दार लावून सराव करायचे. आतून येणारे आवाज ऐकून शेवंताबाई पदर तोंडाला लावायच्या. कधी हसू आवरायला, कधी दुसऱ्या कशाला. दिवाळी आली तरी आबा घरात कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

जत्रांचा हंगाम जवळ आला तसे एका गावचे दोन पंच घरी आले. बाबासोंचा आवाज मुलीनं भरून ठेवलाय असं त्यांच्या कानावर आलं होतं. मैदान सुरू व्हायच्या आधी तो लाउडस्पीकरवर लावावा, असं गावाचं म्हणणं होतं. आबा आतल्या खोलीत होते. संघप्रियाला त्यांना विचारायचा धीर झाला नाही, पण पाहुण्यांना नाही म्हणणंही जड गेलं. तिनं नव्या मशीनवर एक जुनी कुस्ती हळू आवाजात लावली. पंच टोप्या मांडीवर घेऊन ऐकत राहिले.

आबा बाहेर आले. थोडा वेळ उभे राहून त्यांनी ऐकलं. मग हात पुढं करून स्वतःच आवाज बंद केला. थोरल्या पंचानं घाईनं संघप्रियाकडं वळून सांगायला सुरुवात केली की मैदान अमुक तारखेला आहे, गाडी पाठवू, सीडी तेवढी द्या.

आबांनी रुमाल सरळ केला, छाती भरून हवा गिळली. जो आवाज निघाला तो खोल, खरबरीत, कुणीही न ऐकलेला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"तिला न्हाय," ते म्हणाले. परत हवा गिळली. "मला सांगा."

थोरला पंच खुर्चीतून उठला, त्यांच्यापुढं उभा राहिला आणि मैदानाची तारीख त्यांना सांगितली.